नरहरी शेठ विहिरीत पडले तेव्हा

घिवलीच्या नरहरी राऊतांना मदत करायची भारी हौस. चिकूच्या वाडीत कामाला येणाऱ्या बायकांना त्यांनी छत्र्या वाटल्या, त्याही प्रत्येकीवर स्वतःचं नाव रंगवून. घ्यायची वेळ आली की मात्र ताठा. "राऊत कोणापुढे हात पसरत नाय," हे त्यांचं पालुपद.

परवा पंपाचा पाइप बघायला ते विहिरीत उतरले आणि शेवाळावरून घसरून छातीभर पाण्यात पडले. चिकू तोडणाऱ्या चिमीने धावत येऊन वरून दोर सोडला.

"शेठ, धरा."

"काय गरज नाय! माझा मी येतो."

तीनदा चढले, तीनदा आपटले. चिमीने दोर वर ओढून घेतला आणि ती काठावर बसून राहिली. शेवटी खालून बारीक आवाज आला, "सोड गं दोर."

तिने आणि तिच्या नवऱ्याने, चिंतूने, त्यांना ओढून वर काढलं. चिखलाने माखलेले शेठ म्हणाले, "तुमाला वाईट वाटेल, म्हणून धरला हो."

चिंतूला राहवेना, तो उलट उत्तर द्यायला निघाला. चिमीने त्याला गप्प केलं. "शेठच्या अंगात कापरं भरलंय, तरी तोंड चालूच हाय. आधी चहा पाज त्यांना."

चहा मात्र शेठ मुकाट्याने दोन कप प्यायले.