पुढे आकडा लागत नाही

पेण आणि रोहे येथील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पेणला आमच्या सुमनताईच्या फाटकाशेजारी भिंतीवर रंगवलेला ७३९३९१३३ हा फोन नंबर नाही. त्यावर कृपया फोन लावू नये. ताईही आता तिथे नाही. गेल्या महिन्यात ती गेली.

ताई माझी थोरली बहीण, शाळेत गणित शिकवायची. लोक देवावर जीव लावतात, हिने सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीसवर लावला. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. तशा पुष्कळ असतात. पण हिचा शेवटचा आकडा पुसा, उरते तीही मूळ. पुन्हा पुसा, पुन्हा मूळ... थेट नुसता सात उरेपर्यंत. मी रोह्याहून गेलो की चहाच्या आधी हा खेळ. पाटीवर संख्या लिहून ती उजवीकडून अंगठ्याने एकेक आकडा पुसायची आणि दर वेळी जादूगारासारखी माझ्याकडे बघायची. मी जांभई दिली की चहात साखर नसायची.

निवृत्त झाल्यावर तिने ती संख्या भिंतीवर काढायला हमरापूरच्या धर्माला बोलावलं. धर्मा गणपतीचे डोळे रेखणारा. शेवटचा आकडा काढून म्हणाला, "बाय, मोबाईलचे दोन आकडे राहिले."

ताई खूश झाली. "याच्यापुढे कुठलाच आकडा लागत नाही रे. लावलास की मूळपण मोडलं."

धर्माने मला बाजूला घेतलं आणि बायना स्वतःचा नंबर आठवत नाही, जरा लक्ष ठेवा, असं हळूच बजावलं. यावर आम्ही बहीणभाऊ कितीतरी दिवस हसत होतो.

मग खरंच आठवेनासं झालं. अलीकडचं आधी गेलं... सकाळचं जेवण, माझ्या सुनेचं नाव, मग माझी बायको, मग रोहे. उजवीकडूनच पुसलं जात होतं. मी म्हणायचो, पुसू दे. उरेल तेवढी ताई तरी अखंड असेल. तिच्या संख्येनेच तसं शिकवलं होतं. शेवटच्या भेटीत मीच पाटी घेऊन बसलो. तिच्यासारखा नाटकीपणा करत एकेक आकडा पुसत गेलो. सात उरला. ताईने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अंगठ्याने तो सातही पुसून टाकला. मग दारात आलेल्या परक्याला विचारावं तसं अदबीने विचारलं, "तुम्ही चहा घेणार का?"

घेतला. साखर होती.

परवा धर्माला पुन्हा बोलावलं. भिंतीवरचा रंग उडाला होता, आणि दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. त्याने सगळे आकडे गणपतीचे डोळे रेखावेत तसे निगुतीने उजळले. रंग ओला असतानाच मी खिशातून मोबाईल काढला, भिंतीकडे बघत ते आकडे दाबले आणि फोन कानाला लावून उभा राहिलो...

कुंचला धुता धुता धर्मा मागे वळला.

"दादा, नाय लागायचा तो. आकडेच कमी हायत."