बिघडलेलं कार्ड आणि आईच्या लाट्या

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग हा माझा धंदा. त्यात कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड म्हणजे उजवा हात. माझ्या कार्डाने पाच वर्षं जळगावातल्या हळदी, वराती आणि रुसलेले व्याही मुकाट्याने सोसले आणि ऐन लग्नसराईत पडदा काळा करून मोकळं झालं. दुरुस्तीवाला म्हणाला, पडद्याला चित्र पुरवणारा भाग गेलाय, बाकीचं शाबूत आहे, तरी आता भंगारातच द्या. नवं कार्ड आणावंच लागलं. पण जुनं टाकवेना. आमच्या घरात फुटक्या बादलीतसुद्धा तुळस लावतात.

शेवटी एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते बसवलं आणि त्याला इंटरनेटवरचं एक काम लावून दिलं. संशोधक एक भलंमोठं गणित घेतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि जगभरातल्या लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरना वाटतात. ज्याने त्याने आपला तुकडा सोडवून परत पाठवायचा. त्याला पडदा लागत नाही, चित्र लागत नाही. आमच्या वाट्याचं गणित शरीरातल्या प्रथिनांचं होतं. त्यातून पुढेमागे कंपवातासारख्या आजारांवर औषध शोधायला मदत होईल, असं त्यांनी लिहिलं होतं. मी हे काम का निवडलं, ते सांगायला नकोच. आईचे हात चार वर्षांपासून थरथरतात.

आई मूळची धुळ्याकडची, तोंडाने फटकळ. पण गेली तीन वर्षं ती गप्प गप्प होत चालली होती. कूलर माझ्या कामाच्या खोलीत, म्हणून तिची खाटही तिथेच. जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायची. विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. कधीतरी ही तेवढंही बोलणं सोडून देईल, या विचाराने मी आतून घाबरलो होतो. डॉक्टरांच्या गोळ्या हातांसाठी होत्या, या गप्प बसण्यावर त्यांच्याकडेही काही नव्हतं.

कार्डाने पाठवलेले पहिले चार तुकडे चुकीचे ठरले. माझा पारा चढला. मी त्या डब्याला अशा काही शिव्या घातल्या की आईने कूस बदलली आणि काय झालं म्हणून विचारलं. आपणहून विचारलं, म्हणून मी खुर्ची वळवून तिला सगळं समजावत बसलो. शेजारच्या अक्कांकडे उडदाचे पापड करायचे असले की गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात, पिठाच्या लाट्या वाटून घेतात आणि डोंगराएवढं काम दुपारपर्यंत संपवतात, तसंच हे, असं म्हटल्यावर तिला झटकन कळलं. मग मी कार्डाचा वेग कमी केला. तासाभराने गेलेला पाचवा तुकडा बरोबर निघाला आणि लगेच सहावा आला.

आई उठून बसली. म्हणाली, "चुकीनं करी दिधं, तरी त्या परत काम देतस?"

मी म्हटलं, ते संशोधक देतात की. हळू चालवा म्हणतात, यादीतून काढत नाहीत.

त्या वेळी शेजारी अक्कांच्या ओट्यावर लाटण्यांचा आवाज चालला होता. आई तिकडे कान देऊन बसली. मग म्हणाली, "मंग माले का बरं कोनी बोलावस नही?"

बोलावणं का येत नाही, ते मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी ती अक्कांकडे पापड लाटत होती, तेव्हा मी तिला आणायला गेलो होतो. तिचे पापड एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेले. एक नवी सून ते पाहून तोंडाला पदर लावून हसली. त्याच संध्याकाळी मी गुपचूप अक्कांना सांगून आलो की आईला यापुढे बोलावू नका, तिला त्रास होतो. अक्का भिडस्त, त्यांनी ऐकलं. आईचा त्रास वाचवला, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं सांगायचं तर त्या हसण्याची लाज मला वाटली होती, तिला नाही.

ते सगळं मी तिला सांगितलं. मान खाली घालूनच सांगितलं. आता ताशेरे ऐकायची माझी तयारी होती.

पण आई हळूच म्हणाली, "माले वाटे, मन्हा हात आते कोनले नको. मी अक्कासंगे बोलनं सोडी दिधं."

म्हणजे तीन वर्षं ती आजाराने गप्प नव्हती. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि स्वयंपाकघरातून पोळपाट-लाटणं काढून आणलं. अक्कांना सांगायला मी पुढे जातो, असं म्हटलं, तर तिने मला घरातच थांबवलं. तिचं तीच सांगणार होती.

ती गल्लीतून चालत गेली तेव्हा पोळपाटावर लाटणं सारखं खडखडत होतं. सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं. मी दारात उभा राहिलो, लाटणं धरायला गेलो नाही.