बोहारणीच्या मागावर: शिरपूर, मालेगाव, वाशीम

शिरपूरला लोक जैन मंदिर बघायला जातात, वाशीमला बालाजीच्या दर्शनाला, आणि मालेगावला बहुतेक सगळे फक्त गाडी बदलायला उतरतात. मी ही तिन्ही गावं एका दिवसात पालथी घातली ती एका बोचक्यापायी. गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी अकोल्याला मास्तरकीचं शिक्षण घेत होते. थंडीत चार दिवसांची सुटी मिळाली म्हणून शिरपूरला घरी आले. चार दिवस नुसतं खायचं आणि उन्हात बसायचं, एवढाच माझा बेत होता.

घरात पाऊल टाकलं तर वहिनीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. हाताला धरून चुलीमागं नेलं आणि कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली स्टीलची घागर. नवीकोरी, लखलखीत. त्या दिवसांत स्टीलचं असं वेड होतं की पितळेकडं कोणी ढुंकून बघत नव्हतं.

"कशी हाय?" वहिनीनं विचारलं.

"मस्त हाय."

"मस्त हाय ना? मंग आता मले मारून टाक."

आमची माय त्याच उन्हाळ्यात गेली होती. तिची सगळी सुती लुगडी धुऊन, दादाच्या जुन्या धोतरात बांधून माळ्यावर ठेवलेली होती. माझ्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, पहिल्या लेकराची वाकळ यातूनच शिवायची, असं माय स्वतः सांगून गेली होती. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्याकडं तान्ह्या लेकराला नव्या कापडावर निजवत नाहीत, नवं कापड टोचतं. वर्षानुवर्षं अंगावर वागवलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं लुगडंच लागतं. शिवाय अक्काला मायचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं, ती पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. दागिने नकोत, भांडी नकोत, फक्त ती लुगडी माझ्यासाठी ठेवा, एवढंच ती जाताना बोलली होती. आता ती बाळंतपणाला माहेरी येणार होती. परवा.

आणि वहिनीनं ते बोचकं भांडेवालीला देऊन टाकलं होतं.

मुद्दाम नाही. माळ्यावर दोन बोचकी होती आणि दोन्ही दादाच्याच धोतरात बांधलेली. दुसऱ्यात फाटके बनियन आणि पायपुसणी. भांडेवाली दारात आली, घागर दिसली, वहिनीचं चित्त उडालं. ती माळ्यावर चढली, हाताला लागलं ते बोचकं ओढलं आणि न उघडताच दिलं. वहिनी म्हणाली, ती बाई एका शब्दाची घासाघीस न करता निघून गेली, तिथंच मला समजायला पाहिजे होतं. खरंच आहे. मुकाट्यानं सौदा करणारी बोहारीण मी तरी आजवर पाहिलेली नाही.

भांडेवाली मालेगावच्या बाजाराकडं गेल्याचं कळलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिकडं निघालो. दादा गावातल्या शाळेत मास्तर. त्याला सांगितलं, वाकळीसाठी मालेगावहून धागा आणतो. धाग्याच्या एका गुंडीसाठी दोन बाया कशाला, हा त्याचा प्रश्न रास्त होता. वहिनी म्हणाली, रंग निवडायला चार डोळे लागतात. दादानं चष्म्यावरून बघितलं आणि परत वह्या तपासायला लागला. बायकांच्या रंगांच्या भानगडीत तो कधी पडत नसे.

घागर परत द्यायची म्हणून सोबत घेतली होती, पण गावानं बघू नये म्हणून वहिनीनं ती शालीत गुंडाळून छातीशी धरली. शिरपूर-मालेगाव गाडी खच्चून भरलेली, यात्रेकरू, तुरीच्या शेंगांच्या टोपल्या, एक बकरी. खिडकीशी बसलेल्या एका बुढीनं शालीतला गोल आकार बघितला आणि लगेच सरकून जागा दिली. वहिनी बसली. मी उभी. बुढीनं हळूच विचारलं, केवढं आहे लेकरू? वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"सव्वा महिन्याचं," वहिनी म्हणाली. "आत्ताच निजलं."

बुढीला नातवंडांचा भारी सोस असावा. पोरगं की पोरगी, दूध पुरतं का, घुटी देता का, सगळं झालं. वहिनी एकेक उत्तर इतकं ठासून देत होती की मलाच त्या लेकराचा लळा लागायची वेळ आली. मग रस्त्यात एक खड्डा आला. त्या रस्त्यावर तेव्हा खड्डा टाळायचा म्हणजे शेतातून जावं लागे. गाडी उडाली, घागर समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटली आणि असा टणत्कार झाला की बकरीसुद्धा ओरडली. बुढी बराच वेळ शालीकडं बघत राहिली. मालेगावला उतरताना तिनं पिशवी घट्ट काखेत मारली.

मालेगावच्या स्टँडबाहेर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. भजी अशी तिखट की डोळ्यांतून पाणी, वर गुळाचा चहा. दोघींचं पोट रुपयाच्या आत भरलं. हॉटेलवाल्यालाच विचारलं. तो म्हणाला, भांडेवाल्या काल बाजारात होत्या, सकाळच्या गाडीनं वाशीमला गेल्या, स्टेशनाकडं त्यांची पालं आहेत. वहिनीनं उरलेलं भजं कागदात बांधलं आणि उठली. धाग्याचं दुकान समोरच होतं. आम्ही त्याच्यासमोरून गेलो, हे मला आजही आठवतं.

वाशीमला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कचेऱ्या, कोर्ट, वकिलांच्या सायकली, बाजारात हरभऱ्याचे ढिगारे. आम्ही ते काहीच धड बघितलं नाही. तुम्ही जाल तेव्हा बघा, आता स्टँडवरून ऑटो मिळतात. आम्ही घागरीसकट चालत स्टेशनाकडं गेलो. पालांसमोर कपड्यांचे ढीग आणि त्यात बाया बसलेल्या, टिकणारं एकीकडं, चिंध्या दुसरीकडं. आमची बाई वहिनीला लांबूनच ओळखू आली. भरदार, तोंडात पान, नाकात एवढी मोठी चमकी. तिनंही वहिनीला ओळखलं, कारण ती हसायला लागली.

वहिनीनं घागर तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मी आपली शिकल्यासवरल्यासारखं बोलायला गेले की, सौदा चुकून झाला, तेव्हा तो मोडायला हरकत नसावी. ती म्हणाली, मास्तरीणबाई, दिलं ते दिलं. शिवाय चांगली चांगली लुगडी काल मालेगावातच वाकळ शिवणाऱ्या बायांनी उचलली. उरलं असेल तर या ढिगात. शोधा.

आम्ही ढिगात बसलो. जुन्या कापडांना एक वास असतो, धुराचा, घामाचा, माळ्यावरच्या उंदरांचा. किती वेळ उपसलं देव जाणे. वहिनीच्या तोंडाची बडबड बंद झाली होती, आणि ती गप्प झाली की मला भीती वाटते. तेवढ्यात माझ्या हाताला एक फिकट जांभळं लुगडं लागलं. त्याच्या विरलेल्या काठाला आतून एक निळी पट्टी शिवलेली. ती पट्टी माझ्या शाळेच्या झग्याची होती. काठ फाटला तेव्हा मायनं माझा आखूड झालेला झगा कापून लावली होती आणि मी त्यावरून दिवसभर रडले होते. मी ते लुगडं तोंडावर धरलं आणि तिथंच, चिंध्यांच्या ढिगात, परत रडले. लाज वाटली नाही. वहिनीही रडली.

बाकीची सापडली नाहीत. सगळ्यांत मिळून मायचं एकच.

भांडेवाली बघत होती. तिनं पान थुंकलं, घागर आपल्याकडं ओढली आणि दुसऱ्या ढिगातून पाच-सहा सुती लुगडी काढून वहिनीच्या मांडीवर टाकली. एक हिरवं, लाल काठाचं, एक चौकड्यांचं, एक मातकट. सगळी तशीच जुनी, मऊ.

"घे. एकात वाकय होत नाई," ती म्हणाली. "हे बी कोन्या तरी मायच्याच हायेत."

संध्याकाळी घरी पोचलो. दादानं विचारलं, धागा कुठं आहे? आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. दिवसभर दोन गावं फिरून दोन बाया धागा आणायला गेल्या आणि धाग्याशिवाय परत आल्या. वहिनी म्हणाली, रंग पसंत पडला नाही. दादा बाहेर जाऊन बसला. धागा शेवटी गावातल्याच दुकानातून आणला.

लुगडी रात्रीच सोडा घालून उकळली, चुलीच्या धगीवर वाळवली आणि अक्का येणार त्या दिवशी सकाळीच अंगणात वाकळ मांडली. वर कोणती घालायची, खाली कोणतं, हे वहिनीनं ठरवलं. मायचं जांभळं लुगडं सबंध खालून, अस्तराला, कारण लेकरू निजवायचं ते अस्तराच्या बाजूवर, आणि त्याच्या अंगाला मायचंच लागलं पाहिजे. वरच्या बाजूला बाकीच्यांचे तुकडे. चारी बाजूंनी फिरत आत आत टाके घालत गेलो. माझे टाके वाकडे पडले की वहिनी म्हणे, मास्तरीण झाल्यावर फळ्यावर तरी सरळ लिही.

दुपारी अक्का आली. पोट सांभाळत उतरली, हातपायही धुतले नाहीत, थेट वाकळीजवळ बसली. आम्ही काही सांगायच्या आत तिनं त्या हिरव्या, लाल काठाच्या तुकड्यावर हात ठेवला. मग वाकली आणि गाल टेकवला.

"हे मायचं," ती म्हणाली. "हे ती सणाले नेसे."

माय कधीच हिरवं नेसली नव्हती. मी तोंड उघडलं, आणि वहिनीची सुई माझ्या मांडीत गेली. चांगली अर्धं बोट.

"हो अक्का," वहिनी म्हणाली. "तेच हाय."

अक्का रडली, मोकळं रडली, उन्हाळ्यापासून अडलेलं सगळं रडली. मग हसली, चहा मागितला, आणि सुई घेऊन त्याच तुकड्यावर टाके घालत बसली.

तिन्हीसांजेला भांडी घासताना मी वहिनीला धरलं. म्हटलं, दादाला कळेल या भीतीनं अक्काशी खोटं बोललीस, तिला खरं सांगायला हवं. वहिनी राख लावून तवा घासत राहिली.

"भेवून नाई बोलली मी," ती म्हणाली. "अक्काले माय भेटली. अन् त्या हिरव्या लुगड्यावालीलेबी लेक असनच ना कुठं? तिच्या हाती तं काईच नाई राह्यलं. तिच्या वाटचा हात कोनी फिरवाव मंग?"

मी तिच्या हातातला तवा घेऊन विसळला. सुटी संपली, मी अकोल्याला परतले.

अक्काला मुलगी झाली आणि ती त्या वाकळीवर, मायच्या अंगाखांद्यावर, मोठी झाली. आता वाकळ बरीच विरली आहे, ठिगळांना ठिगळं आहेत. अक्का थंडीत माझ्याकडं राहायला येते तेव्हा ती घेऊनच येते, आणि बोलता बोलता तिचा हात त्या हिरव्या तुकड्यावर जातो. ती चहा करायला आत गेली की मी दाराकडं एकदा बघून घेते, वाकळ जवळ ओढते आणि त्या हिरव्या तुकड्यावर हात फिरवते.