पोटरीतली शीर आणि गोड बोलणारी बायको

आता हे तुम्हाला सांगावं की गिळून टाकावं, हेच कळेना. हसणार तुम्ही, माहीत आहे. हसा. पण चहा संपेपर्यंत मधे बोलू नका!

तर झालं असं, की माझी डावी पोटरी दुखायला लागली. वाळूजच्या कंपनीत मशीनपुढं उभं राहून राहून पायाच्या शिरा आधीच फुगलेल्या. त्यातली एक शीर एका सकाळी लालभडक झाली, हाताला दोरीसारखी कडक लागायला लागली. बोट लावलं तरी ठणका मस्तकात! मी म्हणालो, तेल लावून चोळतो. मंगलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तेलाची बाटली उचलून ठेवली आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला पाठवलं. मी विचारलं, "सोनोग्राफीवाले तुमचे कोण लागतात?" मंगलनं कपाळाला हात लावला.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. कातडीच्या लगेच खालच्या शिरेला सूज आलीय, तिथं थोडं रक्त गोठलंय. आतल्या मोठ्या शिरा साफ आहेत. गोळ्या घ्या, शेक घ्या, घट्ट मोजा घाला. चोळायचं मात्र नाही. अख्खा पाय सुजला किंवा दम लागला, तर ताबडतोब या." आणि मग म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. वहिनी, तुम्ही थांबा जरा."

संपलं!

तुम्हीच सांगा, पेशंटला बाहेर काढून डॉक्टर बायकोशी काय बोलतो? आमच्या घराण्यात पेशंटला खरं सांगायची पद्धतच नाही. वडिलांचं अपेंडिक्स काढलं, तर त्यांना गॅसचा त्रास म्हणून सांगितलं. त्यांनी पोटावरच्या टाक्यांचं विचारलं, तर "गॅस तिथूनच काढला"! सांगणारा कोण? मीच. "काळजीचं काही नाही" या वाक्याचा कारखाना आमच्याच घरात, आणि मला तेच विकतात?

मंगल बाहेर आली ती हसतमुखानं. तिथंच मला पहिला संशय आला.

माझे मोजे कुठंही पडतात म्हणून लग्नापासून भांडणारी ही बाई, रोज सकाळी मी पलंगावरून उतरायच्या आत तो घट्ट मोजा स्वतःच्या हातानं माझ्या पायात चढवायला लागली. घाम फुटायचा बिचारीला. वर विचारायची, "लई आवळत नाय ना?" एवढा गोड आवाज! 

दुसरं म्हणजे, मी कंपनीतून रजा घेऊन घरी, तर मला घरात टिकू देईना. मी टीव्हीपुढं बसलो रे बसलो, की "अहो, कोथिंबीर आणा." कोथिंबीर आणली, की "लिंबू राहिलं." स्कूटरची किल्ली मागितली, की "पेट्रोल संपलंय. चालत जा."

मला बाहेर काढून ही करते काय? रडते? नातेवाइकांना बोलावते? मला राहवेना. मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचो, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभा राहून कान लावायचो. आत नुसता मिक्सर! मग पुन्हा बाजारात. कोथिंबीर तर न्यावी लागणारच ना?

आमच्या घरासमोर सलीमभाईंचं शिलाईचं दुकान. जुनी दोस्ती. म्हटलं, इथं बसून घरावर नजर ठेवू. मी टेकणार, तेवढ्यात त्यांनी स्टूलच ओढून घेतलं!

"मियाँ, बैठने का नै. चलते रहो."

"का बरं?"

"ऐसेच. स्टूल मोडलंय."

स्टूल धडधाकट! आणि सलीमभाई माझी नजर चुकवत सुईत दोरा ओवतायत. म्हणजे यांनाही माहीत. आमच्या अख्ख्या गारखेड्याला माहीत, फक्त मलाच नाही!

एके दुपारी खिडकीखाली शेवटी ऐकू आलं. मंगल फोनवर तिच्या भावाला सांगत होती, "दत्ता, तू ये. पण त्यांना काय कळू देऊ नको. कळलं की संपलं समज."

  खरं सांगतो, लई घाबरलो होतो. आपल्यामागं ही एकटी कशी राहील, या विचारानं डोळ्यात पाणी आलं.

दत्ता राहतो लांब बजाजनगरला. ऐन कामाच्या दिवशी सफरचंदं घेऊन हजर! "दाजी, चला, जरा पाय मोकळे करून येऊ." माझ्या स्कूटरवर त्याचा कधीपासून डोळा, आणि मी कधी हात लावू दिला नव्हता. पण मरणाऱ्या माणसानं कशाचा मोह धरायचा? मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"दत्ता, आजपासून स्कूटर तुझी. बहिणीला अधूनमधून फिरवून आणत जा."

"दाजी, खरंच का?"

"व्हय. माझं आता काय राहिलंय?"

तो गोंधळला. किल्ली मात्र लगेच खिशात गेली.

पुढं डॉक्टरांनी तपासायला बोलावलं. दवाखाना जवळच. मी आणि मंगल चालत, दत्ता स्कूटरवर. डॉक्टरांनी पोटरी दाबली. "वा! सूज उतरली की. शीरही मऊ पडलीय."

मी हात जोडले. "डॉक्टर, आता लपवू नका. किती दिवस राहिलेत माझे?"

"कशाचे?"

मंगल पदर तोंडाला लावून हसायला लागली. "डॉक्टर, त्या दिवशी यांना बाहेर बसवून तुम्ही म्हणाला होता ना, यांना बसू देऊ नका, चालतं ठेवा? यांना चाला म्हटलं असतं, तर हे म्हणाले असते, 'त्यात डॉक्टरचा काय फायदा?' आणि मुद्दाम बसून राहिले असते. म्हणून सगळ्यांना सांगितलं, कळू देऊ नका."

"पण एवढा चांगला फरक? खूप चालवलंत वाटतं."

"मी कुठं? मी एकदा पाठवायची, हे अर्ध्यातून परत येऊन खिडकीखाली उभे, मग पुन्हा बाजारात! चालणं डबल. मी आपली रिकामा मिक्सर फिरवत बसायची."

डॉक्टर म्हणाले, "गोळ्या बंद करू या. संशय चालू राहू द्या."

मान खाली घालून बाहेर आलो. दत्तानं स्कूटर सुरू केली आणि मंगल ऐटीत मागं बसली.

"अरे दत्ता, ती स्कूटर..."

"दाजी, तुम्हीच म्हणालात ना, बहिणीला फिरवून आण? तुम्ही या चालत. डॉक्टरांनीच सांगितलंय."

गेले दोघं! वळणावरून मंगल ओरडली, "येताना कोथिंबीर आणा!"

निघालो मी मुकाट्यानं. पण मला एक सांगा, घरात आम्ही माणसं दोन, एवढी कोथिंबीर जाते कुठं?