आवडीच्या मंडळीने शिकलेलं भजन

माझी बदली मद्रासजवळच्या आवडीला झाली तेव्हा मुलगी शाळेत होती आणि बायको कुरकुरत होती. आम्ही दोघं मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती. रविवारी टाळ-मृदंगावर भजनं म्हणत उपासना करायची, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. आवडीला मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून. क्वार्टर्समध्ये मराठी घरं पुष्कळ होती, गणपतीला ती आम्हाला आवर्जून बोलवायची, पण मराठी उपासना कुठेच नव्हती. म्हणून मागच्या रस्त्यावरच्या लहानशा तमिळ चर्चमध्ये आम्ही जायला लागलो.

बायको वर्षभरात भाजीवालीशी भांडण्याइतकं तमिळ शिकली आणि पुढे रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगायला लागली. मी मात्र कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगण्यापलीकडे गेलो नाही. उपासनेत तिच्या शेजारी बसायचो, लोक उभे राहिले की उभा राहायचो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मुलगी कोइम्बतूरला कॉलेजच्या होस्टेलवर गेली होती. एका सकाळी मी बूट घालत असताना मोरीत बादली पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर बायको पिळलेल्या कपड्यांवर आडवी पडली होती आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारी शाळामास्तरीण, जिला सगळे अक्का म्हणायचे, माझी हाक ऐकून धावत आली. तिनेच गाडी मिळवली आणि मागच्या सीटवर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन ती शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यापर्यंत आली.

जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

काही आठवड्यांनी एकेक शब्द परत यायला लागला, तो फक्त मराठी. ‘पाणी’, ‘नको’, ‘दुखतं’. तमिळ पार पुसलं गेलं, हिंदीही. अक्का तिच्याशी तमिळमध्ये बोलली की ती माझ्याकडे बघायची. डॉक्टर म्हणाले, काही रोग्यांचं असं होतं, मागाहून शिकलेल्या भाषा जातात आणि आईची भाषा तेवढी राहते. बोलायला शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांना तमिळ आणि इंग्रजीच येत होतं. क्वार्टर्समधली मराठी माणसं अधूनमधून डोकावायची, पण माझ्या बायकोशी रोज बोलेल असा मी एकटा उरलो, आणि मी मुळातच कमी बोलणारा.

घरी आणल्यावर चर्चच्या मंडळीतली माणसं येऊ लागली. मशीन शॉपमधला एक उंचापुरा फिटर रोज ड्यूटीच्या आधी यायचा, तिला अलगद उचलून खुर्चीत बसवायचा आणि ‘स्तोत्रम’ म्हणून निघून जायचा. तमिळ ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की असंच म्हणतात, आम्ही मराठी ख्रिस्ती सलाम म्हणतो तसं. दुपारी अक्काची बहीण येऊन तिला आंघोळ घालायची. डबे यायचे. रसमभात बायकोच्या घशाखाली उतरत नाही हे कळल्यावर एकीने ज्वारीची भाकरी करून पाहिली. तिचे तुकडे तुकडे झाले होते, तरी बायकोने ती दुधात कुस्करून सगळी खाल्ली.

हे सगळं मी बघत होतो आणि आतून कोरडा झालो होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आयुष्यात केली नव्हती एवढी प्रार्थना केली होती. नंतर तोंडच बंद झालं. देवावर रागावलो होतो म्हणावं तर तसंही नाही. रागवायलासुद्धा समोर कुणीतरी असावं लागतं. मी चर्चला जाणं सोडलं. बायकोला एकटं कसं टाकायचं, ही सबब चांगली होती.

चर्चचे पाळक एका संध्याकाळी आले. साठीचा शांत माणूस, मोडकं हिंदी बोलायचा; सगळे त्याला अय्या म्हणायचे. चहा झाल्यावर मी सरळ सांगून टाकलं, “अय्या, मला प्रार्थना जमत नाही. इथे बसून तुम्ही काही म्हणालात तर मी आमेनसुद्धा म्हणणार नाही.”

मला वाटलं, आता प्रवचन होईल. ते म्हणाले, “मग नका म्हणू.”

थोड्या वेळाने त्यांनी शुभवर्तमानातली एक गोष्ट काढली. ती मला लहानपणापासून पाठ होती. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघे बाजेवर घालून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून घराचं छप्पर उघडतात आणि त्याला प्रभूसमोर खाली सोडतात.

“तिथे काय लिहिलंय, अण्णा? प्रभूने कुणाचा विश्वास पाहिला?”

“त्यांचा,” मी म्हणालो.

“त्यांचा, म्हणजे बाज उचलणाऱ्यांचा. बाजेवरचा माणूस त्या वेळी काय मानत होता ते लिहिलेलं नाही. तुम्ही सध्या बाजेवर आहात. दोघंही. उचलायचं काम आमच्याकडे राहू द्या.”

बायकोच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तमिळमध्ये काहीतरी हळू म्हटलं आणि ते गेले. मी आमेन म्हणालो नाही. पण त्या दिवसापासून कुणी प्रार्थनेला बसलं की उठून स्वयंपाकघरात जाणं मी थांबवलं.

एका दुपारी मी तिची वेणी घालत होतो. मला ती कधी नीट जमली नाही. केस ओढले गेले की ती ‘आई’ म्हणायची. त्या दिवशी ती गुणगुणायला लागली. आमच्याकडचं एक जुनं भजन होतं, तिच्या आईने दळताना तिला शिकवलेलं. हरवलेल्या मेंढराला मेंढपाळ रानात शोधत फिरतो असं. गुणगुणता गुणगुणता शब्द आले. नीट, सलग, अख्खी ओळ. जिला ‘चहा हवा’ एवढं जुळवता येत नव्हतं ती चालीवर दोन कडवी म्हणून गेली. मी हातात वेणी धरून तसाच उभा राहिलो.

दारात अक्का डबा घेऊन थांबली होती.

“अण्णा, हे काय गात होती?” तिने हिंदीत विचारलं.

मी सांगितलं.

“आम्हाला शिकवा.”

“मला गाता येत नाही.”

“आम्हाला मराठी येत नाही,” अक्का म्हणाली. “बुधवारी कारखाना सुटला की माझ्या घरी या. ताईजवळ माझी बहीण बसेल.”

मी नको म्हणण्याची तयारी करूनच गेलो. अक्काच्या पुढच्या खोलीत सातआठ जणं चटईवर बसली होती. पाळक होते, फिटर होता, भाकरी करणारी बाई होती. मी ओळ म्हणायचो, ते आपापल्या कागदावर तमिळ अक्षरांत ती उतरवायचे. माझा आवाज फाटका. चाल चुकली की मीच थांबायचो.

मग अक्काने विचारलं, “अर्थ काय? अर्थ कळल्याशिवाय कसं गायचं?”

मी हिंदीत सांगायला लागलो, अक्का ते बाकीच्यांना तमिळमध्ये सांगत होती. मेंढरू दरीत पडलंय. त्याचा आवाज गेलाय, त्याला हाक मारता येत नाही. पण मेंढपाळ हाकेची वाट बघत नाही. तो स्वतःच उतरतो, काट्यांतून, आणि त्याला खांद्यावर घेऊन येतो.

‘त्याला हाक मारता येत नाही’ इथपर्यंत ठीक होतं. पुढचं सांगताना मी रडायला लागलो आणि मला थांबवता येईना. इतक्या महिन्यांत मी रडलो नव्हतो. फिटर माझ्या शेजारी सरकून बसला, एवढंच. अक्का आत गेली आणि कॉफी घेऊन आली. कॉफी झाल्यावर पाळक म्हणाले, “पुढची ओळ सांगा.”

काही आठवड्यांनी सगळे आमच्या घरी आले. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. बायको खुर्चीत होती. अक्काने सुरुवात केली आणि माझी ही तमिळ माणसं नगरच्या चालीवर मराठी गायला लागली. बायकोचे डोळे मोठे झाले. एकेका तोंडाकडे ती वळून बघत होती.

आता तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ख’ एकच. शेवटच्या कडव्यात मेंढपाळाने मेंढरू ‘कांद्यावर’ घेतलं.

बायको हसली. तोंड वाकडं होतं, तरी ते हसणंच होतं, पोटातून आलेलं. मग डावा हात वर करून तिने सगळ्यांना थांबवलं. शब्बाथ शाळेत मुलांना थांबवायची तसंच.

“खां,” ती म्हणाली. “खां... खांद्या.”

“कांद्या,” सगळे म्हणाले.

“खां!”

“हांद्या,” फिटर म्हणाला, आणि मग मीही हसलो. कांदा म्हणजे काय हे समजावून सांगितल्यावर पाळक डोळे पुसेपर्यंत हसले. तो दिवस मला आठवतो. घरात हसू ऐकून शेजारची माणसं बघायला आली होती.

त्यानंतर बुधवारची सभा आमच्याच घरी भरू लागली. बायको बरी झाली असं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. उजवा हात कधीच हलला नाही. बोलणं थोडं सुधारलं, तीनचार शब्द जोडण्याइतकं. पुढे एकदा अक्का दारात आली तेव्हा बायको तमिळमध्ये ‘वांगो’ म्हणाली, म्हणजे या. अक्का दारातच बसून रडली. पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचे प्याले घरी घेऊन यायचे. पहिल्यांदा मी माझा प्याला नाकारला, त्यांनी तो तसाच परत नेला. पुढच्या खेपेला मी घेतला.

काही वर्षांनी बायकोला दुसरा झटका आला आणि त्यातून ती उठली नाही. पुण्याला नोकरीला लागलेली मुलगी आली, नगरहून मेहुणा आला. दफनभूमीत माती देण्याआधी पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, “तुम्हाला जमत असेल तर.”

मी मराठीत बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. तिला सांभाळ म्हणालो असेन, मुलीला सांभाळ म्हणालो असेन. मेहुणा, मुलगी आणि मराठी शेजारी सोडले तर तिथे कुणालाच एक अक्षर कळलं नसणार. मी थांबलो आणि त्या सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटलं.

मुलगी म्हणाली, “बाबा, आता पुण्याला चला माझ्याबरोबर.” मी म्हणालो, निवृत्तीपर्यंत इथेच राहतो. ती परत गेल्यानंतरच्या रविवारी मी चर्चला गेलो. नेहमीच्या बाकावर बसलो. शेजारची जागा रिकामी होती. पहिलं गीत सुरू झालं तेव्हा फिटर आपल्या बायकामुलांसकट पलीकडच्या रांगेतून उठून आला आणि तिथे बसला.