अध्यक्षांनी भरलेल्या बांगड्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, शुद्धलेखन त्याहून वाईट. वही कुणाच्या हाती लागली तर माफ करावं. पण आमच्या चौक गावच्या बाजारात दिवस उगवतो तो व्यापारी संघटनेच्या अध्यक्षांना विचारूनच, एवढं लिहून ठेवायलाच हवं.

त्यांचं हार्डवेअरचं दुकान माझ्या समोरच. सकाळी नऊला गळ्यात शिट्टी अडकवून ते बाजारभर फिरतात. शटर बंद दिसलं की शिट्टी. आतून कुणी "आंघोळ करतोय" म्हणालं, तर "गिऱ्हाईक काय तुजा साबन बगाया थांबलंय काय रं?" कुणाच्या छपराचा पत्रा वीतभर पुढे आला तरी टेप काढून मोजतात. दोन दुकानदार भांडले की मध्ये बसून एकच चहा मागवतात, एकाला कप, एकाला बशी, आणि चहा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही.

ऐन लग्नसराईत माझं पोटाचं ऑपरेशन निघालं. बांगड्यांचं दुकान टाकून जेमतेम चार महिने झाले होते. महिनाभर बंद राहिलं, तर गावोगावच्या बायका खोपोलीला वळणार आणि पुन्हा फिरकणार नाहीत, ही धास्ती. मी कुणाला बोलले नाही. मला बोलायला जमतच नाही. पण अध्यक्षांना कळलं. "वहिनी, चावी द्या. संघटना काय नुसती गनपतीच्या मांडवाला हाय?"

त्यांनी दुकानदारांच्या पाळ्या लावल्या. कुणालाच धड जमेना, म्हणून शेवटी स्वतःच बसले. शेजारीण सांगत होती, पाइप मोजायची पट्टी घेऊन बायकांच्या मुठी मोजायचे. एका म्हातारीने सुनावलं, "अरं अध्यक्षा, हात हाय ह्यो, नळ नाय!" ही गंमत बघायला पार मोहोपाड्याहून बायका येऊ लागल्या, आणि आल्या म्हणजे बांगड्या भरूनच जायच्या.

मी परतले तेव्हा निम्मी कपाटं रिकामी झालेली. दुकान वाचलं होतं. अध्यक्ष मात्र चावी देईनात. खिसा चाचपत म्हणाले, "आजचा दिस बसू का? हितं बाया बोलत असतात. आमची गेल्यापासून घरात कोन बोलतच नाय."

मी म्हटलं, "भाऊ, दुपारी मी जेवायला घरी जाते. तेवढा वेळ रोज कुणीतरी बसायला हवं."

खरं तर मी डबा दुकानातच आणत असे. दुसऱ्या दिवसापासून आणायचा बंद केला.