साराचा चौथा वाढदिवस

नगर सोडलं त्या सकाळी आपण कायमचे निघालोय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. दिल्लीहून फोन आला, आमच्या मुलाच्या, अमोलच्या गाडीला ट्रकने धडक दिली. पुण्याहून विमान गाठायचं होतं. मी दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि शेजारच्या शांताबाईंना म्हटलं, "कुंड्यांना पाणी घाला, आठवड्यात येतो." आमच्या ह्यांच्या पायात घरातलीच रबरी चप्पल होती. हॉस्पिटलात मुलाचा चेहरा शेवटचा पाहायला हे तीच घालून गेले.

सारा, आमची नात, तेव्हा रांगतही नव्हती. सून प्रीतीला आई नाही. तिची रजा संपली, नोएडाचं ऑफिस सुरू झालं आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही राहूनच गेलो. नगरला ह्यांना अख्खी गल्ली 'सर' म्हणायची. इथे हे 'अंकलजी' झाले. सोसायटीच्या पार्कात बाबागाडी ढकलायला लागले, भाजीवाल्याशी मोडक्या हिंदीत बोलायला लागले. सारा बोलू लागली तीही तशीच: "आजी, चलो ना, भूक लागली."

मग एका संध्याकाळी प्रीती माझ्या शेजारी येऊन बसली. ऑफिसातल्या विवेकशी लग्न करायचं म्हणाली. "आई, तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तरणीताठी पोर, किती वर्षं एकटी काढणार? हे मात्र उठून गेले. पुढे विवेक घरी आला की हे भाजी आणायला निघायचे, पिशवी न घेताच.

साराचा चौथा वाढदिवस आला. आमच्याकडे केक कापायच्या आधी घरातला वडीलधारा प्रार्थना करतो. दरवर्षी हे म्हणायचे, "प्रभू, अमोलच्या लेकीला सांभाळ." त्या दिवशी विवेकही होता, भिंतीला टेकून, परक्यासारखा उभा. प्रीती घाबरतच ह्यांना म्हणाली, "पप्पा, प्रार्थना तुम्हीच करा."

ह्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ शब्दच फुटेना. साराने एक डोळा उघडून पाहिलं. "आजोबा, भूल गये क्या?"

"नाही बाळा." हे म्हणाले. मग हात जोडून म्हणाले, "प्रभू, प्रीती, विवेक आणि सारा... ह्यांच्या घराला सांभाळ."

अमोलचं नाव त्यांनी घेतलं नाही. प्रीतीने तोंडावर ओढणी धरली. विवेक पुढे आला आणि ह्यांच्या पायाशी वाकला. ह्यांनी त्याला उठवलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. साराने केकचा पहिला तुकडा विवेकला भरवला, दुसरा आईला. मग साराचा फुग्यांचा खेळ सुरू झाला. हे बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी बशी घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "मी बरोबर बोललो ना?"

"बरोबर बोललात." मी म्हटलं. त्यांनी केक खाल्ला नाही. मीही आग्रह केला नाही.

लग्नानंतर ते तिघं नोएडाला राहायला गेले. मेट्रोची लाइन एकच, टोकं दोन. सुरुवातीला दर शनिवारी जायचो. पण साराला शाळा लागली, क्लास लागले, आमच्याही गुडघ्यांनी दगा दिला. पाचव्या वाढदिवसाला गेलो तर प्रीतीने ट्रेमधून पाणी आणलं. चांगल्या मनानेच आणलं. तरी तो पेला हातात घेताना कळलं, आपण पाहुणे झालो.

तुम्ही नगरचे सगळे फोनवर विचारता, आता तिथे कोण आहे तुमचं? परत कधी येताय? हाच प्रश्न मी ह्यांना विचारला होता. हे म्हणाले, "नगरला घर आहे गं. पण पोरगा इथल्या मातीत आहे. त्याला एकटं सोडून कुठे जाऊ?"

रविवारी चर्चमधून आम्ही कबरस्तानात जातो. गवत उपटतो, दगड पुसतो, थोडा वेळ बसतो. हिवाळ्यात धुरक्यात पलीकडची रांग दिसत नाही, पण आम्हाला आमची जागा सापडते. तेव्हा परत येण्याचं विचारू नका. तुम्हीच या कधीतरी. स्टेशनवर उतरलात की फोन करा, हे घ्यायला येतील.